पोस्टरखालचा विनीत

नव्यानं डिझाइनच्या धंद्यात पडणाऱ्या मुलामुलींनी स्वतःचं नाव कसं करावं, यावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप या अंकाच्या संपादकांनी पाठवला. वाचून आधी हसू आलं, मग डोकं तापलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या गावात मी उमेदीची सगळी वर्षं लग्नपत्रिका, पोस्टरं, दुकानाच्या पाट्या आणि निवडणुकीची पत्रकं यांत घालवली. माझं स्वतःचं नाव गावात कितीजणांना ठाऊक आहे, हे संपादकांनी एकदा बस स्टँडवर उतरून विचारून पाहावं. मला लोक ‘ळवाली बाई’ म्हणतात.

त्याचं असं झालं. कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो हिंदी फॉन्ट घेऊन, आणि त्या फॉन्टांत ळ एक तर नसायचा किंवा कुठल्यातरी आकड्यांच्या आड दडवून ठेवलेला असायचा. हिंदीवाल्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अडायचं ते आमच्या मराठी घरांचं. पत्रिकेत ‘कांबळे’चे ‘कांबले’ व्हायचे, ‘सकाळी’ची ‘सकाली’ व्हायची आणि नवरदेवाच्या आजोबांचा पारा चढायचा. एका दुपारी मीच चिडून बसले आणि कीबोर्डवरचे आकडे एकापाठोपाठ एक दाबत सुटले, तेव्हा ळ सापडला. झालं. त्या दिवसापासून मराठी पत्रिका छापायची तर त्या बाईकडे जा, तिच्याकडे ळ आहे, असं गावभर झालं. ऑटोवाल्यांना ळ म्हणता येत नाही, म्हणून ते मला ‘लवाली बाई’ म्हणत. मी अक्षरांची वळणं निवडत होते, कोऱ्या जागेसाठी गिऱ्हाइकांशी भांडत होते, वेलबुट्ट्या हातानं काढत होते. त्यातलं काही कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. भरला तो एक ळ, आणि तोही मी बनवलेला नव्हता. त्यामुळे जाहिरात कशी करावी ते मला विचारू नका. करायला जावी एकाची आणि होते भलत्याचीच, एवढंच मी शिकले.

बाहेरच्यांना आमचं काम कळावं म्हणून थोडं सांगते. तेव्हा फ्लेक्स आलेला नव्हता. मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचा, तो पारदर्शक कागदावर काढायचा, त्यावरून जाळीच्या चौकटीवर छाप उठवायचा आणि मग एकेक कागद खाली सरकवत रबरी पट्टीनं शाई ओढायची. जितके रंग तितक्या चौकटी. मोठं काम असलं तर गोंदियाला किंवा नागपूरला पाठवायचं. एवढं सगळं हातानं करूनही गिऱ्हाईक दारातून काय म्हणणार, तर “कंप्यूटर ही तो करता है, दीदी. बटन दबाओ, निकल जाता है.” असं म्हणणाऱ्या एका गृहस्थाला मी खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला.

हळूहळू मुलं शिकायला येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला हवं असायचं ते व्हिजिटिंग कार्ड. काम अजून हातात नाही, पण कार्ड खिशात पाहिजे. एकानं तर काळ्या कागदावर करड्या रंगात इंग्रजीत छापून घेतलं. काय छापलंय ते उन्हात तिरपं धरल्याशिवाय दिसत नसे. स्वतःला त्यानं ‘व्हिज्युअलायझर’ म्हणवून घेतलं होतं. ते कार्ड घेऊन तो वारासिवनीला एका तांदळाच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे गेला. शेठजींनी ते उलटंसुलटं केलं, चष्मा लावला, काढला आणि प्रेमानं विचारलं, “बेटा, आँख की दवाई बेचते हो क्या?” पोरगा परत आला तो माझ्यावरच रुसून. जणू शेठजींना वाचता येत नाही ही माझीच चूक.

या सगळ्यांत ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता आणि ज्यानं मला सगळ्यात जास्त पिडलं, तो विनीत. आमच्याच वॉर्डातल्या बोरकरबाबूंचा धाकटा मुलगा. बोरकरबाबू कचेरीत हेडक्लार्क. ते कधी कुणाच्या घरी चहाला गेले नाहीत, आणि त्यांच्या हातून गेलेल्या अर्जात कधी काना-मात्रा चुकली नाही. घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी. धाकट्यानं कॉलेज झाल्यावर पाट्या-पोस्टरं करायचं म्हटलं, तेव्हा त्यांना कुणीतरी अंगावर चिखल उडवल्यासारखं झालं. भांडले नाहीत. त्यांनी शर्त घातली. मुलानं मला ती जशीच्या तशी ऐकवली.

“बाबूजी म्हणाले, एवढा मोठा कलाकार हायेस, तं दिवाळीवरी एक तरी माणूस माह्या दारात उभा राहून तुह्यं नाव घेईल. मी नाही सांगणार, तुह्या काकूनं नाही सांगाचं. नाही आला कोणी, तं मामाच्या राइस मिलवर जाचं. वारासिवनीले.”

“आणि तू हौ म्हणाला?”

“मंग काय म्हणणार, काकू?”

राइस मिल वाईट असं नाही. पण त्या मुलाच्या हातात काय होतं ते मी पाहिलेलं होतं. मजकूर कितीही कोंबलेला असो, तो त्यातली एकच ओळ अशी उचलायचा की धावत्या बसमधूनही वाचता यावी. हे मी कुणाला शिकवू शकले नाही, मलाही ते नीट येत नव्हतं. तो हात आता मिलमध्ये पोत्यांवर नंबर टाकत बसणार होता.

नाव व्हायचं तर कामावर नाव पाहिजे. प्रेसचं नाव तळाला बारीक अक्षरांत असतंच, त्याच्या शेजारी आपलंही टाकायचं असं त्यानं ठरवलं. मी म्हटलं, टाक, माझी काही हरकत नाही. त्यानं टाकलं. उजव्या कोपऱ्यात, छान वळणदार अक्षरांत, नुसतं ‘विनीत’.

आता ज्यांनी आमच्याकडची हिंदी पत्रिका किंवा पोस्टर पाहिलेलं नाही त्यांना यातली मेख कळायची नाही. आपण मराठीत ‘आपले नम्र’ लिहितो, तसं तिकडे प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘विनीत’ असतंच. लग्न असो, भागवत सप्ताह असो, दुकानाचं उद्घाटन असो, शेवटी ‘विनीत’ आणि त्याखाली काका-मामांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं. सगळं गाव रोज हा शब्द पाहतं, आणि म्हणूनच कुणी तो वाचत नाही.

“अरे बापा, तुह्यं नाव कोणी नाव म्हणून वाचणार नाही,” मी त्याला म्हटलं. “आडनाव टाक संगं.”

“नाही टाकत.”

“काहून?”

“बोरकर म्हटलं का सारे म्हणतीन, बाबूचा पोरगा. कचेरीत काम अडकलं असंन तं मलेच पोस्टर देतीन. मले बाबूजीचं नाव नाही वापराचं, काकू. मले माह्यं पाह्यजे.”

बाणा उत्तम होता. फक्त ते ‘माह्यं’ नाव आधीच गावभर छापलेलं होतं. मग मी सुचवलं, निदान आधी ‘कला’ लिही, म्हणजे कलाकाराचं नाव आहे हे कळेल. त्यानं ते ऐकलं आणि एका भांड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर ‘कला : विनीत’ असं छापलं. दुसऱ्याच दिवशी दुकानाचा मालक लालबुंद होऊन आला. त्याच्या बायकोनं सकाळपासून चूल पेटवली नव्हती. तिचं म्हणणं एकच, “ये कला कौन है, और हमारी दुकान में विनीत होने वाली ये कौन होती है?” मी त्याला पंधरा वेळा समजावलं. तो निघताना म्हणाला, “आप कहती हैं तो मान लेता हूँ, लेकिन घर में ये बात आप ही आके बोलो.” मी गेले. त्या बाईंनी मला चहा दिला, माझं म्हणणं सगळं ऐकलं आणि अखेरीस म्हणाल्या, “दीदी, आप भी उन्हीं की तरफ से बोल रही हो.”

इतकं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस कोपरा सोडून देईल. पण या वयातल्या मुलांना कोपराच हवा असतो.

मग दसऱ्याचं काम आलं. आमच्या भागातल्या उत्सव समितीत आदल्या वर्षी पोस्टरवरच्या नावांवरून मारामारीची वेळ आली होती. कुणाचं वर, कुणाचं खाली, पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, फोटो केवढा. म्हणून या वर्षी ठराव झाला की पोस्टरवर कुणाचंच नाव नको. समितीच्या सचिवांनी हे सांगितलं तेव्हा विनीतच्या डोळ्यांत मला दिवे लागलेले दिसले. ना फोटो, ना नावं. अख्खा कागद त्याचा. काय पोस्टर केलं होतं त्यानं! वर लाल रंगाचा एक मोठा पट्टा, त्यात एकच ओळ, खाली दिवस, वेळ आणि जागा. बाकी सगळं कोरं. माझ्या दुकानातून गेलेल्या सगळ्या कामांत ते सगळ्यात चांगलं, हे मी आजही म्हणेन. आणि तळाला, कोऱ्या जागेच्या बरोबर वर, ‘विनीत’.

“तिथं नको टाकू,” मी म्हटलं. “निदान यावेळी नको.”

“काकू, पहिल्यांदा पोस्टरवर दुसरं कोणाचंच नाव नाही. आता नाही दिसलं तं कधी दिसंन?”

त्याचंही खरं होतं.

काली पुतली चौकापासून स्टेशनपर्यंत पोस्टरं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या पोस्टरवर ‘विनीत’च्या खाली कुणीतरी पेनानं आपल्या गल्लीतल्या तिघांची नावं लिहून टाकली होती. पुढच्या पोस्टरवर वेगळ्या तिघांची. स्टेशनकडच्या पोस्टरवर पार्षदाचं नाव, आणि त्यावर काट मारून त्याच्या विरोधकाचं. दुपारपर्यंत समिती दोन तट होऊन दोन ठिकाणी बसली आणि संध्याकाळी सचिव माझ्या दुकानात येऊन उभे राहिले.

“बाईजी, तय हुआ था कि किसी का नाम नहीं जाएगा. फिर ये विनीत काहे को डाल दिया? खाली जगह छोड़के विनीत लिखोगे तो आदमी का मन ललचाएगा ही.”

विनीत पुढे झाला. “अंकल, वो मेरा नाम है.”

सचिवांनी त्याच्याकडे दमलेल्या नजरेनं पाहिलं. “हाँ बेटा,” ते म्हणाले, “सुबह से सब यही बोल रहे हैं.”

मला हसू आवरेना आणि त्याला रडू. त्या संध्याकाळी तो चौकटी न धुताच घरी गेला. मलाही राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. असलं पोस्टर गावानं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा त्यात काय पाहिलं, तर आपलं नाव लिहायला जागा. मी सचिवांना तसं ऐकवलंसुद्धा. ते म्हणाले, पोस्टर अच्छा था, इसीलिए तो सबको नाम चाहिए था.

दसरा झाला. त्यानंतर विनीतनं कुठल्याही कामावर नाव टाकलं नाही. दिवाळी आली तोंडावर आणि एके दिवशी तो म्हणाला, “काकू, रविवारी जातो वारासिवनीले. मामाचा फोन आलता.” मी बरंच काही बोलले. त्यातलं अर्धं त्याच्या बापाविषयी होतं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

त्या रविवारी सकाळी मी दुकान झाडत होते, तेव्हा मेश्राम गुरुजी आले. तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हते. किरनापुरच्या पलीकडे कुठल्याशा गावात शाळेवर होते, धोतर स्वच्छ, हातात कापडी पिशवी.

“ते दसऱ्याचं पोस्टर, लाल पट्ट्याचं, तुमच्याइथं छापलं ना जी? मी कोर्टात पेशीवर आलतो त्या दिवशी. बसमधून वाचलं, खिडकीतून. सारं वाचून झालं, अन् मंग चौक गेला.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “आमच्या गावची मंडई हाय दिवाळीनंतर. नाटक ठेवतो रातभर. दरसाली पोस्टर होते, अन् त्याच्यात साऱ्या पुढाऱ्यायचे फोटो रायते, नाटकाचं नावच सापडत नाही. ज्यानं ते लाल पट्ट्याचं काढलं, त्याले भेटाचं हाय.”

भाऊबीजेच्या सुमारास आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हणजे नाटक आलंच. पण मला त्या क्षणी मंडई दिसत नव्हती, घड्याळ दिसत होतं. बाबूंनी मला सांगायला मनाई केली होती, सोबत चालायला नाही. मी दुकानाला कुलूप लावलं आणि म्हटलं, चला गुरुजी.

बोरकरांच्या फाटकाशी पोचलो तर ओसरीवर ट्रंक बांधून ठेवलेली होती. विनीत आत आईजवळ होता. बाबू बनियनवर पेपर वाचत होते. मला पाहून त्यांनी पेपर खाली केला आणि गुरुजींना पाहून ते उठून फाटकाशी आले. मी ओठ मिटून उभी राहिले.

“नमस्कार जी,” गुरुजी म्हणाले. “ते पोस्टर करणारा पोरगा इथंच रायते ना?”

“कोण पाह्यजे तुम्हाले?”

“नाव नाही मालूम.”

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हतो का, असं ते पाहणं होतं. सरकारी माणसाला नियम आपल्या बाजूनं लागला की जो आनंद होतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण दारात उभ्या असलेल्या वयस्क माणसाला उत्तर तर द्यायलाच हवं.

“विनीत,” ते म्हणाले.

गुरुजींनी पिशवी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. “आम्ही बी विनीतच हावो जी तुमचे. पोराचं नाव काय?”

बाबूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “नावच सांगून राह्यलो मी.”

“हौ, तेच. नाव काय?”

“विनीत.”

“तुमची नम्रता हाय बाबूजी. पण बलावाले नाव तं लागंन ना.”

“अहो, नाव हाय ते त्याचं,” बाबू ओरडले, आणि बोरकरबाबूंना ओरडताना आमच्या वॉर्डानं त्याआधी ऐकलं नव्हतं. “विनीत. विनीत बोरकर. माह्या पोराचं नाव हाय. त्या दसऱ्याच्या पोस्टरवर बी त्याचंच नाव होतं. लोकायनं त्याच्याखाली आपापले नावं लिहिले, गाढवायनं. मी सोता पाह्यलं चौकात जाऊन.”

समोरच्या घरातले दोघे बाहेर आले. विनीत ओसरीवर येऊन उभा होता, शर्टाची बटणं लावता लावता थांबलेला, आणि त्याच्यामागे त्याची आई. चौकात जाऊन पोस्टर पाहिल्याचं बाबूंनी घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, हे मला त्या दोघा मायलेकांच्या तोंडावरून कळलं.

मी म्हटलं, “बाबूजी, दारात उभं राहून नाव घेतलं ना कोणीतरी.”

“मी घरचा माणूस,” ते पुटपुटले. “मी कसा धरल्या जाईन?” पण ते फाटक उघडून बाजूला झाले, आणि गुरुजी आत गेले.

ट्रंक कधी उघडली ते मी पाहिलं नाही. सोमवारी विनीत दुकानात होता आणि मंडईच्या पोस्टरच्या पहिल्या चौकटीवर काम करत होता. नाटकाचं नाव त्यानं असं घेतलं होतं की ते किरनापुरच्या रस्त्यावर कुठूनही वाचता आलं असतं. गुरुजींनी बजावून सांगितलं होतं म्हणून खाली कोपऱ्यात त्यानं पूर्ण नाव टाकलं, विनीत बोरकर, मुंगीएवढं.

प्रूफ काढलं त्या संध्याकाळी बोरकरबाबू कचेरीतून परस्पर आले. माझ्या दुकानाची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी कागद हातात घेतला, अर्ज तपासावा तसा वरपासून खालपर्यंत तपासला आणि बोट तळाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

“हे जरा बारीक नाही झालं?”

“बाबूजी,” विनीत म्हणाला, “ते मोठं केलं तं नाटकाचं नाव दबंन.”

“दबू दे. नाटक तं लोक रातभर पाहणारच हायेत.”

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी प्रूफ बाबूंच्या हातातून काढून घेतलं.